दहावी ‘ब’चं मृत्युपत्र

जानेवारीत दादर-गिरगावातल्या मराठी शाळांमध्ये दोन तयाऱ्या शेजारीशेजारी चालतात. दहावीचा वर्ग सराव परीक्षेचे पेपर सोडवतो आणि नववीचा वर्ग त्यांच्या निरोप समारंभाची वर्गणी जमवतो. बोर्डाची परीक्षा पूर्वी मार्चमध्ये असायची. 2025 साली ती 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली, म्हणजे हातात दिवस थोडेच. मग कार्यक्रम ठरल्यासारखा होतो. ईशस्तवन, मुख्याध्यापकांचे चार शब्द, दहावीतल्या दोन-तीन हुशार मुलांची मनोगतं, शाळेला भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ, आणि शेवटी कागदी बशीत वडा, वेफर्स, पेढा. ‘शाळेने आम्हाला घडवलं’ हे वाक्य प्रत्येक मनोगतात येतं आणि ते खरंही असतं. पण जाणारा वर्ग शाळेला घड्याळ देतो आणि मागे राहणाऱ्या पोरांना मात्र काहीच देत नाही, हे मला फार खटकतं.

देण्यासारखं तर त्यांच्याकडे पुष्कळ असतं. कोणत्या जिन्याने गेलं तर उशीर झालेला दिसत नाही, प्रयोगशाळेतला कोणता सूक्ष्मदर्शक खरंच चालतो, कोणत्या तासाला वही तपासली जाते आणि कोणत्या तासाला फक्त मागितली जाते, ही दहा वर्षांची कमाई. ती हसतखेळत पुढच्यांच्या हवाली करायची एक रीत आहे: सबंध वर्गाने मिळून आपलं विनोदी मृत्युपत्र लिहायचं आणि निरोपाच्या दिवशी ते जाहीर वाचायचं. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत ही रीत शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे. वार्षिकांकात वर्गाचा इतिहास, वर्गाचं भविष्य आणि त्यांच्या जोडीला वर्गाचं मृत्युपत्र छापतात. आपल्याकडे ती तशी रुजली नाही. पण तिला लागणारं सगळं साहित्य आपल्या घरात पडलेलं आहे, आणि मराठीत ती इंग्रजीपेक्षा जास्त खुलेल असं मला वाटतं. ती कशी जमवायची, ते सांगतो.

आधी हे ध्यानात घ्यायला हवं की शाळकरी पोरं आणि खोटं मृत्युपत्र ही जोडी फार जुनी आहे. चौथ्या शतकाच्या आसपास लॅटिनमध्ये एका डुकराचं मृत्युपत्र लिहिलं गेलं. आचारी सुरी घेऊन येतो, तेव्हा डुक्कर तासाभराची मुदत मागतं आणि रीतसर वाटणी करतं. बापाला ओकची फळं, आईला गहू, राठ केस चांभारांना, कान बहिऱ्यांना, जीभ वकिलांना आणि बडबड्यांना, मूत्राशय पोरांना. खाली सात साक्षीदारांच्या सह्या, कारण रोमन कायद्याला सात साक्षीदार लागत. संत जेरोमने या मृत्युपत्राचा उल्लेख केला आहे तो जरा तक्रारीच्या सुरात: शाळेतली पोरं हे वाचून खो खो हसतात! पुढे पंधराव्या शतकात पॅरिस विद्यापीठाचा पदवीधर कवी फ्रान्स्वा व्हीयोंने हाच साचा वापरला. 1456 च्या काव्यात तो आपल्या केसांची कात्रणं न्हाव्याला आणि जुने जोडे चांभाराला देऊन टाकतो. 1461 च्या सुमारास लिहिलेलं त्याचं मोठं काव्य तर ‘मृत्युपत्र’ याच नावाने ओळखलं जातं.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे आणि सगळी युक्ती तिच्यातच आहे. हसं होतं ते देणाऱ्याचं. कापलं जाणार आहे ते डुक्कर. जोडे झिजलेत ते व्हीयोंचे. घेणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडतंच.

आपल्याकडचे फिशपाँड नेमके इथे उलटे आहेत. मुंबईच्या मराठी कॉलेजांत, रुईया-रुपारेलपासून कीर्तीपर्यंत, फिशपाँड कोणाला माहीत नाहीत? शेलापागोटे म्हणा हवं तर. गॅदरिंगच्या आधी जिन्यापाशी किंवा नोटीस बोर्डाखाली एक खोका ठेवतात, त्याला वरून फट पाडलेली. ज्याला जे वाटेल ते त्याने निनावी चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं: दोन ओळींचं यमक, सिनेमाच्या गाण्याची मोडतोड, एखादी उपाधी. मग दोघं निवेदक चिठ्ठ्या वाचतात, ज्याच्या नावाने चिठ्ठी असेल तो उठून उभा राहतो, आणि कधी कधी त्याच्या हातात कंगवा, मुळा नाहीतर दुधाची बाटली ठेवतात. चांगला फिशपाँड अफलातून असतो. पण त्यात लिहिणारा लपलेला असतो आणि ज्याच्यावर लिहिलंय तो सगळ्या सभागृहासमोर उभा. त्यामुळे चिठ्ठ्या चाळणारी समिती झोपली की रंग, वजन, तोतरेपणा, घरची परिस्थिती, कोणाचं नाव कोणाशी जोडायचं, सगळं माइकवर येतं. मृत्युपत्रात लिहिणाऱ्याने आपलं नाव लावायचं असतं आणि आपलंच काहीतरी द्यायचं असतं. ही एवढी अट पाळली की निम्मी घाण आपोआप गळून पडते.

खरा वारसा हातोहात कसा जातो, ते पाहायचं असेल तर परळला जावं. सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि के. ई. एम. रुग्णालय 1926 पासून तिथे उभं आहे. तिथेच कशाला, देशभरच्या मेडिकल कॉलेजांत पहिल्या वर्षाची मुलं हाडांचा संच शोधतात आणि तो बहुतेक वेळा वरच्या वर्गातल्या कोणाकडून येतो. हाड हातात घेतलं की आधीच्या मालकांची वस्ती दिसते. स्नायू जिथून निघतो तिथे लाल रंग, जिथे जाऊन चिकटतो तिथे निळा. कोणीतरी रेषा नीट आखलेली, कोणाचा तरी हात घसरलेला, तो पुढच्याने पेन्सिलीने सुधारलेला. त्या खोक्यातून हाडं मिळतात आणि आधीच्या तिघाचौघांची मेहनतही मिळते. इंजिनिअरिंगच्या मुलांचे ड्राफ्टर, आर्किटेक्चरच्या मुलांचे टी-स्क्वेअर, दहावीतून नववीकडे जाणारी खुणा केलेली पुस्तकं, ही सगळी याच जातकुळीतली. विनोदी मृत्युपत्राला हाच पाया हवा. म्हणजे प्रत्येक देणगीत थोडी तरी खरी, वापरता येण्याजोगी वस्तू किंवा माहिती असावी. नुसती थट्टा वाचून झाली की हवेत विरते.

आता लिहायला बसू.

सुरुवात करायची ती भाषेपासून, कारण मराठी दस्तऐवजाची भाषा हा आपला खजिना आहे. गिरगाव-लालबागच्या कुठल्याही घरात कपाटातल्या पिशवीत असा एखादा कागद सापडतोच. त्यातली वाक्यं मुलांना वाचून दाखवावीत: ‘आज रोजी मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दबावाखाली न येता’, ‘मानवी जीवन क्षणभंगुर असल्याने’, ‘स्थावर-जंगम मालमत्तेचा तपशील येणेप्रमाणे’, ‘यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत’. हा सूर शेवटपर्यंत सोडायचा नाही. मधेच ‘हा हा’ आलं, हसरा चेहरा काढला, की फुगा फुटला. वर्गाचं मृत्युपत्र असं सुरू होऊ शकेल:

‘आम्ही खाली सह्या करणार इयत्ता दहावी ब, वय वर्षे सरासरी पंधरा, धंदा शिक्षण, राहणार दुसरा मजला, पाण्याच्या टाकीशेजारी, आज रोजी आमच्या राजीखुशीने, शिल्लक असलेल्या अक्कलहुशारीने व फक्त गणिताच्या दबावाखाली हे मृत्युपत्र लिहून ठेवतो, कारण शालेय जीवन क्षणभंगुर असून त्याची तारीख बोर्डाने जाहीर केली आहे.’

यात एकही शब्द विनोद करायचा म्हणून आणलेला नाही. खऱ्या कागदाचा साचा घेतला आणि त्यात खरी माहिती भरली.

इथे मुलांना खरा कायदाही सांगता येतो, आणि तो त्यांना आवडतो. भारतीय वारसा कायदा 1925 सालचा. मृत्युपत्र करणारा सज्ञान आणि मनाने धड असावा लागतो, म्हणजे दहावीच्या पोरांचं मृत्युपत्र मुळातच कायद्यात बसत नाही. सही किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकित करावी लागते. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. हे घरी जाऊन आजोबांना सांगणारी मुलं निघतील, आणि त्यातून एखाद्या घरातलं रखडलेलं काम मार्गी लागलं तर चांगलंच.

दुसरी पायरी म्हणजे काय द्यायचं ते ठरवणं. पहिल्या झटक्यात प्रत्येक वर्ग लिहितो, ‘शेवटचा बाक नववीला देण्यात येत आहे.’ हे वाक्य मेलेलं आहे, कारण ते कुठल्याही शाळेत चालेल. शिवाय बाक आपला आहेच कुठे? तो शाळेचा. आपली फक्त वहिवाट. पागडीच्या खोलीत वाढलेल्या पोराला हा फरक चटकन समजतो. भाडेनियंत्रणाखालच्या राहत्या खोलीची भाडेवहिवाट मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली एका मुंबईच्याच प्रकरणात दिला आहे. भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे ती कायद्यानेच जाते. बाकाचंही तसंच. म्हणून बाक द्यायचा नाही, बाकावरची वहिवाट द्यायची, आणि ती खरेदीखतासारखी चतुःसीमा लिहून:

‘खिडकीकडील शेवटचा बाक, त्यावरील वहिवाटीसह. पूर्वेस: फळा, तोही अर्धाच दिसणारा. पश्चिमेस: भिंत, जिला 2019 पासून रंग नाही. दक्षिणेस: पंखा, जो फक्त तपासणीच्या दिवशी फिरतो. उत्तरेस: खिडकी, जिच्यातून मधल्या सुट्टीआधी समोरच्या गाडीवर कढई चढलेली दिसते. सदर बाकाचा डावा पाय लहान असून त्याखालील पुठ्ठा देणगीत समाविष्ट आहे.’

आता हा बाक दुसऱ्या कुठल्या शाळेत नेता येणार नाही. शेवटच्या पुठ्ठ्यामुळे घेणाऱ्याचं खरंच भलं होतं. मला या सगळ्यात तो पुठ्ठा सर्वांत प्रिय आहे.

वस्तू शोधताना मुलांना वर्गाच्या बाहेरही पाठवावं. दादरची मुलं स्टेशनवर वाढतात. 9 डिसेंबर 2023 पासून तिथल्या मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मचे आकडे बदलले आणि पश्चिम रेल्वेचे सात संपले की आठपासून पुढे मोजायची पद्धत आली. ‘दादरचे जुने प्लॅटफॉर्म नंबर तोंडपाठ असलेली आमची जीभ, जशी आहे तशी’ ही देणगी नववीला हसवेल आणि घरी आजीलाही कळेल. परळच्या मुलांनी एल्फिन्स्टन पुलाची आठवण काढावी. सप्टेंबर 2025 मध्ये तो पाडण्यासाठी बंद झाला. तेव्हा ‘पुलावरून पाच मिनिटांत शाळेत पोचण्याची सवय’ ही देणगी कशी द्यायची? खऱ्या मृत्युपत्रात दिलेली वस्तूच शिल्लक उरली नाही तर ती देणगी बाद होते. म्हणून तसंच लिहायचं: ‘सदर मालमत्ता अस्तित्वात नसल्याने वारसांनी घरातून लवकर निघावे.’

सगळ्यांकडून माल काढायचा कसा, हा अवघड भाग आहे. वर्गात बोलकी पोरं पाच-सहाच असतात आणि समिती त्यांचीच बनते, मग मृत्युपत्रही त्यांचंच होतं. त्यावर उपाय म्हणजे फिशपाँडचा तोच खोका वापरायचा, पण चिठ्ठीवर नाव लिहायला लावायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. वर्गात कोणती गोष्ट तुझ्यामुळे चालायची? कोणती गोष्ट तुला उशिरा कळली, जी पाचवीतच कळायला हवी होती? तुझ्या दप्तरात सर्वांत जुनं काय आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तमोत्तम उत्तरं येतात. सहसा न बोलणारी एखादी मुलगी लिहून जाते की खोडरबर, दर पेपरला कोणाला ना कोणाला उसनं दिलेलं, आता चतकोर उरलंय. झालं, देणगी तयार: ‘सदर खोडरबर त्याच्या सर्व कर्जदारांसह नववीतील जी विद्यार्थिनी पेपरला दोन पेनं आणते तिला देण्यात यावे.’ वर्गातल्या प्रत्येकाच्या नावाने किमान एक देणगी असलीच पाहिजे. यात माझ्याकडून सवलत नाही. चाळीसजणांच्या वर्गात एकाचं नाव राहिलं तर त्या दिवसाची त्याची आठवण तेवढीच राहील.

परळ-लालबागच्या रात्रशाळांसाठी तर हा प्रकार फारच योग्य आहे. दिवसभर कुठे कँटीनमध्ये, कुठे कुरिअरच्या गाडीवर काम करून संध्याकाळी वर्गात येणारी माणसं तिथे बसतात. एकाच बाकावर सतराचा पोरगा आणि चाळिशीचे काका. त्यांच्या मालमत्तेत ‘मालकाला न दुखावता सहाला सुटण्याची पद्धत’ असते, ‘डबा, वही आणि बदलायचा शर्ट एका पिशवीत बसवण्याची घडी’ असते, ‘शेवटच्या तासाला डोळे उघडे ठेवण्यासाठी जिन्याखालचा नळ’ असतो. यातली एकही गोष्ट गंमत म्हणून सुचलेली नाही. ती ऐकून जे हसतील ते ओळखून हसतील, आणि पुढच्या वर्षी तो नळ वापरतील.

घेणारा कोण, हे लिहिताना हात आखडता घ्यावा. नववीतल्या एखाद्याचं नाव घेऊन देणगी द्यायची असेल तर त्याला आधी विचारलेलं बरं. नाहीतर ‘जो कोणी’ म्हणावं. ‘नववीत जो कोणी सर्वांत उशिरा येतो’ म्हटलं की सगळा वर्ग आपोआप एकाकडे बघतो, आणि तो हात वर करून उठला तर बहार. नाही उठला तरी कोणाचं नाव उच्चारलं गेलेलं नाही. धाकट्याला काही करायला लावणारी देणगी मात्र लिहूच नये: ‘नाचून दाखवल्यास मिळेल’, ‘सर्वांसमोर अमुकतमुक म्हणावे’. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. विद्यार्थ्याला लाज वाटेल असं वागणं, चिडवणं, त्याने एरवी आपण होऊन केली नसती अशी गोष्ट करायला सांगणं, हे त्यात रॅगिंग ठरतं, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड अशी आहे. पण कायद्याची भीती घालण्यापेक्षा मुलांना साधा हिशोब सांगावा. आपण जाणार आहोत आणि देणार आहोत. देताना मोबदला मागितला की ती देणगी राहत नाही.

शिक्षकांबद्दल लिहावं का? लिहावं, पण फक्त सवयींबद्दल, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना आधी दाखवून. ‘बाईंनी पाच मिनिटांत संपवते म्हणून घेतलेले एकूण जादा तास, व्याजासह’ हे बाई स्वतः मोठ्याने वाचून हसतील. टोपणनावं टाळावीत. ती शिक्षकांनाही माहीत असतात, पण माइकवरून ऐकायची नसतात.

चाळणीचं काम दोघांचं: एक वर्गशिक्षिका आणि वर्गातला एक विद्यार्थी, शक्यतो ज्याच्यावर आजवर सर्वांत जास्त फिशपाँड पडलेत तो. कुठे टोचतं ते त्याला नेमकं कळतं. प्रत्येक देणगीला एकच प्रश्न लावायचा: इथे कोण वेडं ठरतंय? देणारा ठरत असेल तर ठेवा. घेणारा ठरत असेल तर देणाऱ्यावर उलटवून लिहा. ‘माझं गणित नववीतल्या ढ मुलांना’ या ओळीत घेणारा दुखावतो. तीच अशी वळवायची: ‘गणिताच्या वहीची पहिली चार पानं, जी स्वच्छ आहेत. पाचव्या पानापासून पुढचं मी बरोबर घेऊन जात आहे, ते कोणी मागू नये.’

वाचनासाठी वर्गातला सर्वांत मिश्कील पोरगा निवडायचा नाही. तो स्वतःच आधी हसतो. न हसणारा, स्पष्ट उच्चाराचा, कचेरीतल्या कारकुनासारखा सपाट वाचणारा हवा. वस्तू आधी, तिचं वर्णन मग, आणि घेणाऱ्याचं नाव सर्वांत शेवटी, त्याआधी एक श्वास थांबून. अर्ध्या मिनिटाची एक देणगी धरली तर चाळीस देणग्यांना वीस मिनिटं लागतात, आणि हशा धरून अर्धा तास. त्याहून लांबवू नये, वडे गार होतात. ज्या वस्तू खरंच हातात देता येतात त्या टेबलावर आधी मांडून ठेवाव्यात: खोडरबर, पुठ्ठा, खुणा केलेलं विज्ञानाचं पुस्तक, स्वच्छ चार पानांची वही. नाव पुकारलं की येऊन घ्यायची आणि यादीवर सही करायची.

साक्षीदार म्हणून सही कोणाची घ्यावी? मुख्याध्यापक नकोत. शिपाईकाका आणि प्रयोगशाळेतल्या मावशी या दोघांनी हा वर्ग पाचवीपासून सर्वांत जवळून पाहिलेला असतो, त्यांना खुर्ची देऊन पुढे बसवावं आणि सह्या त्यांच्याच घ्याव्यात. व्यवस्थापक म्हणून नववीचा मॉनिटर नेमावा. देणग्या पोचल्या की नाही हे पाहायचं काम त्याचं.

कागद दोन प्रतींत करावा. एक वर्गशिक्षिकेकडे, दुसरी नववीच्या कपाटात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायचा झाला तर नावं झाकून टाकावा, कारण सभागृहातली गंमत सभागृहातल्यांनाच कळते आणि फोटो बाहेरच्यांपर्यंत जातो. खाली अर्धं पान कोरं सोडायला विसरू नये. परीक्षा संपल्यावर हटकून कोणाला तरी आठवतं की आपण अमुक द्यायचं राहिलं, आणि कायद्यातही पुरवणी मृत्युपत्राची सोय आहे. जूनमध्ये शाळा उघडली की मॉनिटरने ती पुरवणी नव्या वर्गाला वाचून दाखवावी आणि बाकाखालचा पुठ्ठा जागेवर आहे का तेही बघावं.